फिलिपिनो इंडी सिनेमाला पडदा कोण देणार?

डिजिटल कॅमेरा आला आणि सिनेमा सगळ्यांचा झाला, असं गेली वीस-पंचवीस वर्षं सगळे म्हणत आलेत आणि उदाहरण द्यायचं झालं की हमखास फिलिपिन्सचं नाव निघतं. ते खोटं नाहीये, पण अर्धंच आहे. मनिलातल्या इंडी, म्हणजे स्टुडिओबाहेर स्वतंत्रपणे सिनेमा काढणाऱ्या पोरांनी हातात मावेल एवढे व्हिडिओ कॅमेरे घेऊन जे करून दाखवलं त्याला तोड नाही, कान, व्हेनिस, बर्लिन, लोकार्नो सगळीकडून बक्षिसं आणली, पण तोच सिनेमा मनिलातल्या साध्या माणसाला बघायचा असेल तर तो कुठे बघणार, कितीला बघणार आणि किती दिवस बघायला मिळणार, हे विचारलं की उत्तर कुणाकडेच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की सिनेमा बनवायला हातभार लावणाऱ्या योजना तिकडे आता बऱ्यापैकी आहेत, त्या असाव्यातच, पण यापुढचा सरकारी पैसा आणि सरकारी जोर सिनेमा दाखवण्यावर लागायला हवा. तो लागत नाही तोवर हे सगळे लोक परदेशी ज्युरीसाठी सिनेमे बनवत राहणार, आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नाही.

थोडं मागे जाऊया, कारण स्वस्तात सिनेमा काढणं हे तिकडे डिजिटलनंतर सुरू झालेलं नाही. किडलाट ताहिमिक या दिग्दर्शकाने 1977 साली सुपर 8 या घरगुती वापराच्या फिल्मवर शूट केलेला सिनेमा बर्लिनला नेला आणि समीक्षकांचं बक्षीस घेऊन आला. हुकूमशहा मार्कोसच्या मार्शल लॉच्या काळात लिनो ब्रोका हा दिग्दर्शक स्टुडिओच्या पोटात राहूनच सेन्सॉरशी दोन हात करत होता. नव्वदच्या दशकात स्टुडिओंची परिस्थिती घसरायला लागली, हॉलिवूडचा रेटा, पायरसी, वर तिकिटावर 30 टक्क्यांपर्यंतचा करमणूक कर, तेव्हा ‘पितो-पितो’ नावाचा प्रकार निघाला, म्हणजे सात दिवसात शूटिंग उरकायचं आणि सात दिवसात एडिटिंग वगैरे सगळं हातावेगळं करायचं. दिग्दर्शक लाव डियाझची सुरुवात याच कारखान्यातून झाली, 1998 मध्ये. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वस्तात काम उरकायचा शोध आधी स्टुडिओने लावला होता आणि तो कामगारांना पिळायला वापरला होता. म्हणजे नुसत्या स्वस्ताईने कुणी मोकळं होत नाही, बचत कुणाच्या खिशात जाते आणि शेवटचा शब्द कुणाचा असतो यावर ते ठरतं.

डिजिटलने तो शेवटचा शब्द दिग्दर्शकाच्या हातात आणून दिला. जॉन रेडचा 1999 चा ‘स्टिल लाइव्ह्ज’ हा तिकडचा पहिला पूर्ण लांबीचा डिजिटल सिनेमा मानतात. मग 2002 मध्ये खाव्न दे ला क्रूझने डिजिटल सिनेमाचाच वेगळा फेस्टिव्हल सुरू केला, जाहीरनामा काढला, फिल्म मेली म्हणून घोषणा दिली. त्या वेळी सोनीचा पीडी 150 आणि पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स 100 हे कॅमेरे हातात यायला लागले होते. 35 एमएमवर काम करायचं तर कच्ची रीळ विकत घ्या, लॅबमध्ये धुवा, प्रिंट काढा, प्रत्येक टेकला मीटर पळतोय, दिग्दर्शकाच्या मागे प्रोड्युसर घड्याळ घेऊन उभा. मिनीडीव्हीची टेप तासभर चालते आणि परत वापरता येते, एडिटिंग घरच्या कॉम्प्युटरवर रात्री जागून होतं. आणि शिकायचं कुठे, तर मनिलातल्या कियापोच्या बाजारात, चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये पायरेटेड डीव्हीडीचे ढीग लागायचे, त्यात जगभरचा आर्ट सिनेमा मिळायचा, एका अख्ख्या पिढीची फिल्म स्कूल ती. पायरसीने स्टुडिओंचं कंबरडं मोडलं हे खरं आणि त्याच पायरसीने हे दिग्दर्शक घडवले हेही खरं, दोन्ही एकदम खरं आहे आणि मला त्यात काही विचित्र वाटत नाही. जिथे आर्ट सिनेमा दाखवणारी थिएटरं नाहीत, चांगली फिल्म लायब्ररी नाही, तिथे माणूस मिळेल तिथून शिकणार.

आता कारागिरीबद्दल बोलतो, कारण बाहेरच्यांच्या लिखाणात ती नेहमी मागे पडते, सगळे ‘एवढ्या कमी पैशात’ या कौतुकातच अडकतात. ब्रियान्ते मेंडोझाचा 2009 चा ‘लोला’ घ्या. एक म्हातारी बाई नातवाला सोबत घेऊन रस्त्यावर आलीये, तिचा दुसरा नातू जिथे मारला गेला, एका मोबाइलपायी, तिथे तिला मेणबत्ती लावायची आहे. वारा सुटलाय. मेणबत्ती पेटत नाही. छत्री उघडायला जाते तर ती वाऱ्यावर उलटते, गाड्या जातायत, लोक जातायत, ती परत प्रयत्न करते, आणि कॅमेरा तिच्याबरोबर धडपडतो, कुठे पळून जात नाही. स्टुडिओत हाच सीन केला असता तर वारा पंख्याने आणला असता, मेणबत्ती तिसऱ्या शॉटला पेटवून क्लोजअप घेतला असता आणि खाली व्हायोलिन लावलं असतं. इथे वाऱ्याचा आवाजच म्युझिक आहे. मेट्रो मनिलातल्या मालाबोनमध्ये पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी असतं म्हणून सिनेमातही पाणी आहे, शवपेटी होडीतून जाते, कारण तिथे ती तशीच न्यावी लागते. अनिता लिंडा आणि रुस्तिका कार्पिओ या दोन ज्येष्ठ नट्या, एक मेलेल्याची आजी आणि एक मारणाऱ्याची आजी, शेवटी समोरासमोर बसून गुडघेदुखीवर आणि खाण्यापिण्यावर बोलतात आणि पैसे देऊन केस मिटवायचं ठरतं. यात भाषण कुठेच नाही. छोटा कॅमेरा होता म्हणून अरुंद गल्लीत शिरता आलं, टेप स्वस्त होती म्हणून त्या मेणबत्तीची वाट बघता आली. पण वाट बघायची बुद्धी कॅमेऱ्यात नसते, ती माणसात लागते. मेंडोझा दिग्दर्शक व्हायच्या आधी वर्षानुवर्षं प्रॉडक्शन डिझायनर होता, जागा कशी बोलते हे त्याला आधीपासून कळत होतं.

हाच मेंडोझा त्याच वर्षी ‘किनाताय’साठी कानला बेस्ट डिरेक्टर ठरला. त्यात एक पोरसवदा पोलीस ट्रेनी रात्रीच्या गाडीत बसलाय आणि कितीतरी वेळ आपण अंधार आणि समोरून येणारे दिवे यापलीकडे काही बघत नाही. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने त्या सिनेमाला झोडपून काढलं. मला स्वतःला तो प्रवास पटतो, त्या पोराला उतरायची संधी पुन्हा पुन्हा मिळते आणि तो उतरत नाही, ते कळायला तेवढा वेळ अंगावर यावाच लागतो. अर्थात मेंडोझाने पुढे 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेच्या ‘स्टेट ऑफ द नेशन’ भाषणाचं दिग्दर्शन केलं, 2017 लाही केलं, ड्रग वॉरमध्ये रोज गरीब वस्तीतली माणसं मरत असताना केलं, आणि हे मला आजही पचलेलं नाही. इंडी म्हटलं की माणूस आपोआप सत्तेच्या विरोधात उभा असतो असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या टोकाला लाव डियाझ. ‘एबोलुस्योन’ हा त्याचा 2004 चा सिनेमा दहा तासांहून मोठा आहे आणि बनायला दहाएक वर्षं लागली, पैसे येतील तसं शूटिंग व्हायचं, सुरुवात 16 एमएमवर झाली आणि पुढे पैसे आटले तेव्हा डिजिटलने तो वाचवला. डिजिटल आलं नसतं तर तो सिनेमा अर्धवट डब्यात पडून राहिला असता असं मला वाटतं. 2006 च्या नोव्हेंबर अखेरीस रेमिंग वादळ आलं, बिकोलमध्ये मेयॉन ज्वालामुखीच्या उतारावरून चिखल आणि दगडांचा लोंढा खाली आला आणि गावंच्या गावं गाडली गेली. डियाझने आधीच्या सिनेमाचं शूटिंग त्याच भागात केलं होतं. तो परत गेला, आधी नुसतं रेकॉर्ड करायला, जे वाचले त्यांच्याशी बोलायला, आणि तिथेच त्यातून कथा उभी राहिली, रशियातून परत आलेल्या एका कवीची, ज्याचं सगळं घरदार त्या चिखलाखाली गेलंय. कथा रोजच्या रोज लिहायची आणि शूट करायची. खरी माणसं खऱ्या मुलाखती देतायत आणि त्यांच्यामधूनच नट चालत जातोय, छपरापर्यंत पुरलेली घरं, काळे दगड, ब्लॅक अँड व्हाइट, नऊ तास. हा सिनेमा कुठल्याच स्टुडिओच्या शेड्यूलमध्ये बसला नसता, कारण शेड्यूल काढेपर्यंत ढिगारे हलले असते आणि लोक पांगले असते. लांबीबद्दल डियाझला सतत विचारतात, तो सांगतो की आमच्या मलय लोकांचा वेळ घड्याळाने बांधलेला नव्हता, घड्याळ स्पॅनिश घेऊन आले. हे इतिहास म्हणून किती टिकेल यावर वाद घालता येईल, पण सिनेमा बघताना त्याला काय म्हणायचंय ते अंगात शिरतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला आपली घाई गळून पडते. 2008 मध्ये त्याच्या ‘मेलान्कोलिया’ला व्हेनिसच्या ओरिझोन्टी विभागाचं बक्षीस मिळालं, तेच जे पुढे 2014 ला आपल्या ‘कोर्ट’ने आणलं, आणि 2016 ला डियाझने थेट गोल्डन लायन, म्हणजे व्हेनिसचं सगळ्यात मोठं बक्षीस, नेलं.

एवढं सगळं असून घरी काय?

फिलिपिन्समध्ये थिएटर म्हणजे जवळजवळ मॉलच. जुनी रस्त्यावरची सिंगल स्क्रीन थिएटरं बंद पडली, काहींमध्ये पोर्न लागायला लागले, मेंडोझाच्या ‘सेर्बिस’मध्ये आंखेलेसमधलं असं एक थिएटर आहे ज्यात एक कुटुंब राहतं आणि खाली धंदा चालतो. देशातली सगळ्यात मोठी मॉल साखळी एसएम, तिच्या थिएटरात आर-18 रेटिंगचे सिनेमे न लावायचं धोरण वर्षानुवर्षं आहे. म्हणजे सेन्सॉर बोर्डाने मोठ्यांसाठी पास केलेला सिनेमासुद्धा देशातल्या सगळ्यात जास्त पडद्यांवर लागूच शकत नाही, आणि हे कुठल्या कायद्याने ठरलेलं नाही, दुकानाच्या मालकाने ठरवलंय. खाजगी धंदा आहे, त्याला हक्क आहे, असं कुणी म्हणेल. मान्य. पण दुसरं दुकानच नसेल तेव्हा एका दुकानदाराची आवड हीच अख्ख्या देशाची सेन्सॉरशिप होते.

मग तिकीट. मनिलात आज तीनशे-चारशे पेसोच्या आसपास पडतं. 2024 च्या जुलैपासून मेट्रो मनिलातलं किमान वेतन दिवसाला 645 पेसो होतं, प्रांतांमध्ये त्याहून कमी. मनिलातल्या ज्या टोंडो वस्तीच्या गल्लीत कॅमेरा फिरला, जिथली पोरं सिनेमात स्वतःच नट म्हणून उभी राहिली, जिम लिबिरानच्या ‘त्रिबू’मध्ये तर खऱ्या गँगची पोरं आहेत, त्या गल्लीतल्या माणसाला स्वतःवरचा सिनेमा बघायचा तर दिवसाचा अर्धाअधिक रोज द्यावा लागेल. तो नाही जात. त्याला ‘प्रेक्षक नाही’ म्हणायचं हे अन्यायाचं आहे.

आणि तिकीट काढायला माणूस तयार झाला तरी सिनेमा तिथे असायला हवा ना. पहिला दिवस हाच शेवटचा दिवस, अशी तिकडे इंडीवाल्यांची कायमची रड आहे, बुधवारी रिलीज, दुपारच्या शोला गर्दी नाही दिसली की गुरुवारी उतरवला, म्हणून दिग्दर्शक फेसबुकवर हात जोडून सांगत असतात की कृपा करून पहिल्याच दिवशी बघा. कामावर असलेला माणूस बुधवारी दुपारी कसा जाणार! 2015 चा ‘हेनेराल लुना’ आठवा, स्वतंत्र प्रोड्युसरचा, अमेरिकेविरुद्ध लढलेल्या जनरलवरचा ऐतिहासिक सिनेमा. शंभरेक थिएटरांत लागला आणि दुसऱ्या आठवड्यात चाळीसवर आणला. मग कॉलेजच्या पोरांनी बोंबाबोंब केली, शाळांनी मागणी केली, तोंडोतोंडी पसरला आणि थिएटरं परत वाढवावी लागली, शेवटी त्याने वीस कोटी पेसोंच्या वर धंदा केला. लोकांना नको असतो म्हणून काढतो, हे थिएटरवाल्यांचं कारण त्या एका सिनेमाने खोटं पाडलं. त्याच्याकडे निदान आरडाओरडा करायला पैसा आणि माणसं होती. पाच लाख पेसोंच्या अनुदानावर उभ्या राहिलेल्या सिनेमाकडे काय असतं? 2019 मध्ये सरकारी फिल्म कौन्सिलने, म्हणजे एफडीसीपीने, देशी सिनेमा निदान सात दिवस चालवायचा नियम आणला, पाऊल योग्य होतं, पण वर्षाच्या आत महामारी आली आणि थिएटरंच बंद झाली, मनिलातली तर 2020 च्या मार्चपासून दीड वर्षाहून जास्त.

ते पाच लाख पेसो सिनेमालायाचे. 2005 साली मनिलाच्या कल्चरल सेंटरमध्ये हा फेस्टिव्हल सुरू झाला, स्क्रिप्ट निवडायच्या, बी-भांडवल द्यायचं आणि तिथेच दाखवायचं, अशी रचना. पहिल्याच वर्षी ऑरेयस सोलितोचा ‘मॅक्सिमो ओलिव्हेरोस’ आला, सांपालोकच्या वस्तीतला बारा वर्षांचा पोरगा, बायकी वळणाचा, चोरी-मारी करणाऱ्या बापभावांचं घर प्रेमाने चालवणारा, आणि एका तरुण पोलिसावर जीव जडलेला. त्या घरात त्याला कुणी हिणवत नाही, हे बघून मी थक्क झालो होतो. हा सिनेमा बर्लिनहून टेडी, म्हणजे समलिंगी विषयांवरच्या सिनेमांचं तिथलं बक्षीस, घेऊन आला, फिलिपिन्सकडून ऑस्करला गेला आणि देशातही बऱ्यापैकी चालला. सिनेमालायावर राग धरावा अशा गोष्टीही घडल्यात, 2012 मध्ये एका दिग्दर्शकाने निवडलेले नट आयोजकांना पटले नाहीत म्हणून त्याचा सिनेमा स्पर्धेतून काढला होता आणि त्यावर सगळे इंडीवाले खवळले होते, बरोबरच होतं त्यांचं. पण सिनेमालायाने एक गोष्ट केली जी बाकी कुणी केली नाही, बनवायचे पैसे आणि दाखवायचा पडदा एकाच छताखाली आणला. दहा दिवस का होईना, तिथे कॉलेजची पोरं रांगा लावून फिलिपिनो सिनेमे बघायची. प्रेक्षक असे तयार होतात.

आणि आता बघा, कल्चरल सेंटरची मुख्य इमारत 2023 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली आणि 2024 चा विसावा सिनेमालाया झाला तो आयालाच्या मॉलमध्ये. दुरुस्ती गरजेची असेल, मी त्यावर बोलत नाहीये. पण राजधानीत सरकारची एक इमारत बंद झाली की देशातल्या सगळ्यात मोठ्या इंडी फेस्टिव्हलला मॉलशिवाय दुसरा आसरा उरत नाही, एवढी सार्वजनिक पडद्यांची चणचण आहे. त्याच 2024 मध्ये जेएल बुर्गोसची ‘आलिपातो आत मुओग’ ही डॉक्युमेंटरी दाखवली गेली, 2007 साली मनिलाच्या एका मॉलमधून दिवसाढवळ्या उचलला गेलेला आणि आजवर न सापडलेला त्याचा भाऊ जोनास, त्याच्यावरची. तिला ज्युरीचं खास बक्षीस मिळालं. आणि थिएटरात रिलीज करायला गेले तर सेन्सॉर बोर्डाने एक्स दिला, म्हणजे दाखवायलाच बंदी, कारण काय तर लोकांचा सरकारवरचा विश्वास डळमळेल. मग गदारोळ झाला, फेरतपासणी झाली, आर-16 मिळालं. हा एक्स असताना ती कुठे दाखवता येत होती, तर युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सच्या आवारात, कारण त्यांच्या थिएटरवर बोर्डाचा अधिकार चालत नाही. माझा सगळा मुद्दा या एका उदाहरणात आलाय. एका आईची आणि भावाची गोष्ट बोर्डापासून आणि मॉलपासून कुणी वाचवली तर एका सार्वजनिक विद्यापीठाच्या पडद्याने.

आता ‘पॉव्हर्टी पॉर्न’चा आरोप, तो टाळून पुढे जाता येणार नाही. झोपडपट्टी, घाण, हलणारा कॅमेरा, आणि टाळ्या वाजवणारे युरोपियन. 2011 मध्ये ‘आंग बाबाए सा सेप्टिक टँक’ या कॉमेडीने याचीच टर उडवली, तीन तरुण फिल्ममेकर ऑस्करच्या आशेने गरीब बाईचा सिनेमा काढायला निघतात, आणि गंमत म्हणजे तो सिनेमालायाचाच सिनेमा, नंतर मोठ्या थिएटरांत तुफान चालला. आरोपात तथ्य आहे असं मला वाटतं, सगळ्यांच्या बाबतीत नाही पण आहे. फक्त त्याचं मूळ दिग्दर्शकाच्या हेतूत शोधणं चूक आहे. ज्याच्या सिनेमाचा पहिला, दुसरा आणि तिसरा प्रेक्षक युरोपातच बसलाय, पुढच्या सिनेमाचा पैसाही तिकडच्याच फंडातून यायचाय, त्याच्या डोक्यात लिहिताना कोण बसलेलं असणार? त्याला घरचा पडदा द्या, मालाबोनची माणसं मालाबोनचा सिनेमा बघायला येऊ द्या, आणि मग बघा किती दिवस तो खोटं दाखवू शकतो. आपल्याच वस्तीसमोर खोटं दाखवणं फार अवघड असतं.

स्वस्ताईची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. कॅमेरा स्वस्त झाला म्हणून बजेट कमी झालं असं सांगतात, पण बजेटचा मोठा भाग माणसं असतात आणि तीच जास्त पिळली गेली. इंडी आहे, आपलंच आहे, समजून घे, असं म्हणत लाइटवाला, साउंडवाला, आर्टवाला अर्ध्या पैशात वीस-वीस तास राबतो. 2019 मध्ये एडी गार्सिया हे ज्येष्ठ नट एका टीव्ही मालिकेच्या सेटवर केबलमध्ये पाय अडकून पडले आणि गेले, तेव्हा कुठे देश हादरला आणि 2024 च्या मे महिन्यात त्यांच्या नावाचा कायदा झाला, दिवसाला आठ तास, फार तर चौदा, आठवड्याला साठ. चौदासुद्धा जास्तच आहेत. काही इंडी प्रोड्युसर म्हणतात आम्हाला हे परवडणार नाही. मी त्यांच्या सिनेमांवर मनापासून प्रेम करतो पण इथे मी त्यांच्या बाजूने नाही. गरिबांच्या शोषणावरचा सिनेमा शोषण करून बनवू नये. आणि परवडत का नाही, तर सिनेमा बनल्यावर त्यातून एक पेसो परत येत नाही, कारण तो दाखवलाच जात नाही. गाडं फिरून तिथेच येतं.

जपणुकीचंही तेच. युद्धाआधीचे फिलिपिनो सिनेमे आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच उरलेत. मार्कोसच्या काळात काढलेलं फिल्म संग्रहालय ते गेल्यावर बंद पडलं, नवं सुरू व्हायला 2011 उजाडलं. आपल्या पुण्यातलं 1964 पासून चालू आहे, तरी आपलंही किती काय हरवलं ते आपल्याला माहीत आहे. मिनीडीव्हीवरचा सिनेमा तर फिल्मपेक्षा नाजूक, टेप खराब होते, ती वाचणारी मशीन मिळत नाही, हार्ड डिस्क एक दिवस चालूच होत नाही. 2000 ते 2010 या सगळ्यात सुपीक दहा वर्षांचं काम दिग्दर्शकांच्या घरी कपाटांत पडलंय, दमट हवेत, पुराच्या शहरात. अलेक्सिस तियोसेको हा तरुण समीक्षक या सिनेमांबद्दल लिहीत होता, ते लोकांपर्यंत पोचावेत म्हणून झटत होता, 2009 च्या 1 सप्टेंबरला केसोन सिटीतल्या त्याच्या घरात त्याचा आणि त्याची जोडीदार निका बोहिन्च हिचा खून झाला. अठ्ठावीस वर्षांचा होता. एकटा माणूस संस्थेचं काम करत होता आणि तो गेल्यावर त्याच्या जागी संस्था उभी राहिली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग लोक म्हणतात, कशाला पडदा पाहिजे, ऑनलाइन टाका. टाकलंच पाहिजे. एफडीसीपीने 2020 मध्ये स्वतःचा प्लॅटफॉर्म काढला, सिनेमालायाही त्या वर्षी ऑनलाइन झाला, दूरच्या बेटांवरच्या लोकांना पहिल्यांदा बघायला मिळालं, परदेशात राबणाऱ्या लाखो फिलिपिनोंना मिळालं, हा फायदा मोठा आहे. पण प्रीपेड लोड टाकून इंटरनेट वापरणारा माणूस फोनवर लाव डियाझचे नऊ तास बघणार आहे का? ‘लोला’मधल्या वाऱ्याचा आवाज फोनच्या स्पीकरमधून येतो तेव्हा नुसती खरखर येते. आणि एकत्र बसून बघण्याची ताकद वेगळी असते, जोनासची गोष्ट शंभर माणसांनी एका अंधारात बसून बघणं आणि एकट्याने खोलीत बघणं यात फरक आहे, हे सेन्सॉर बोर्डालाही कळतं, म्हणून तर ते थिएटरसाठी एवढं जागरूक असतं.

करायचं काय, तर फार अवघड नाहीये. एफडीसीपीच्या सिनेमाथेक, म्हणजे छोटी सरकारी थिएटरं, इलोइलोला आहेत, दावाओला आहेत, आणखीही दोन-चार ठिकाणी आहेत. त्या प्रत्येक प्रांतात काढा, नवी इमारत नको, सरकारी कॉलेजचा हॉल, प्रोजेक्टर, बऱ्यापैकी साउंड आणि पगारी माणूस. मनिलाच्या सान हुआनमध्ये ‘सिनेमा 76’ नावाचं जेमतेम साठ खुर्च्यांचं थिएटर खाजगी लोकांनी काढून दाखवलंच होतं, सरकारला का जमू नये? तिकीट पन्नास पेसोच्या वर नको. विद्यापीठाला बोर्डापासून जी मोकळीक आहे तीच या पडद्यांना द्या. करमणूक कर 2009 च्या कायद्याने 10 टक्क्यांपर्यंत खाली आलाय, तो स्थानिक सरकारांकडे जातो, त्यातला ठरावीक वाटा त्याच गावातल्या पडद्यासाठी राखून ठेवा. 2009 पासून ‘सिनेमा रेहियोन’ या प्रादेशिक सिनेमांच्या फेस्टिव्हलमध्ये मिंदानाओ, विसाया, बिकोल सगळीकडचे दिग्दर्शक आपापल्या भाषांतले सिनेमे आणतायत, शेराड सांचेझ, शेरॉन डायोक, गुतियेरेझ मांगानसाकान, तागालोग या मनिलाच्या भाषेबाहेरची ही सगळी दुनिया, त्यांच्या सिनेमांचा पहिला शो त्यांच्याच गावात व्हायला काय हरकत आहे.

आणि ख्रिसमसचा मेट्रो मनिला फेस्टिव्हल. 25 डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत देशभरच्या थिएटरांत फक्त फिलिपिनो सिनेमे, हॉलिवूड बाहेर. म्हणजे सरकारने मनात आणलं तर मॉलचे पडदे देशी सिनेमासाठी मोकळे करता येतात, हे 1975 पासून दरवर्षी सिद्ध होतंय. 2016 मध्ये निवड समितीने स्टारवाले हमखास सिनेमे बाजूला ठेवून वेगळे निवडले, हाँगकाँगमधल्या फिलिपिनो मोलकरणींवरची ‘संडे ब्युटी क्वीन’ ही डॉक्युमेंटरी बेस्ट पिक्चर ठरली, तृतीयपंथी नायिकेचा ‘डाय ब्युटिफुल’ तर चांगला चालला. एकूण गल्ला मात्र आदल्या वर्षीपेक्षा पुष्कळ खाली आला, थिएटरवाले ओरडले आणि पुढच्याच वर्षी नियम परत फिरवले. एका वर्षात! चाळीस वर्षं एकाच चवीची सवय लावलेल्या प्रेक्षकाला एक ख्रिसमस दिला आणि निकाल लावून मोकळे झाले. निदान पाच वर्षं द्यायला हवी होती. निवडलेल्यांतले निदान निम्मे सिनेमे दरवर्षी अशा लोकांचे असावेत, गल्ला पडला तर ती तूट सरकारने थिएटरवाल्यांना भरून द्यावी आणि पाच वर्षांनी आकडे बघून बोलावं.